मेल्या, मेल गेल्या कुठे?

ह्या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं एकाच विषयावर. सर्व्हरवरची (म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरची) मेल आपल्या कॉम्प्युटरवर आणायची कशी, त्याला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, आणि आणलेली मेल गेली कुठे. पावसाळा आहे, बोटी १ जूनपासून किनाऱ्याला ओढून झाकलेल्या, होमस्टे रिकामे, त्यामुळे लोकांना मेलबॉक्स साफ करायला वेळ मिळाला असणार असं आपलं माझं अनुमान. नेहमीसारखी नावं काढून गावं तेवढी ठेवलीत. प्रत्येकाने पहिल्याच ओळीत सॉफ्टवेअरचं नाव विचारलंय, आणि मी प्रत्येकाला आधी उलट विचारणार आहे की बाबा, तुझी मेल राहते कुठे? ते कळलं की नाव सांगायला दोन मिनिटं पुरतात.

प्रश्न : आमचा छोटा होमस्टे आहे. वेबसाइट केली तेव्हा त्याच नावाचा मेल आयडी मिळाला. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये थंडरबर्ड (मेलचं सॉफ्टवेअर) आहे, माझ्या फोनवर पण तोच आयडी आहे. फोनवर मेल येतात, पण दोनएक आठवड्यांनी जुन्या आपोआप गायब होतात. मी डिलीट करत नाही, मिस्टर पण नाही म्हणतात. हॅक झालंय का? (गुहागर)

उत्तर : ताई, हॅक नाही आणि मिस्टर पण खरं बोलतायत. चोर तुमच्या काउंटरवर बसलाय. त्या कॉम्प्युटरवर अकाउंट पॉप पद्धतीने जोडलेलं असणार आणि फोनवर आयमॅपने. पॉप म्हणजे आंबे झाडावरून उतरवून घरातल्या अढीत घालायचे. आयमॅप म्हणजे आंबे झाडालाच, आपण खालून बघायचे, मोजायचे, आणि दोघंतिघं बघत असले तरी सगळ्यांना तेच दिसतं. आता एकाने सगळे उतरवून घेतले तर दुसऱ्याला झाडावर काय दिसणार?

आणि दोन आठवडेच का, तर त्याचं पण उत्तर आहे. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमधलं सर्व्हर सेटिंग्ज उघडा, तिथे 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' अशी टिक दिसेल आणि तिच्याच खाली अजून एक टिक, 'फॉर ॲट मोस्ट' अमुक दिवस, आणि त्या चौकटीत बहुतेक वेळा १४ भरलेलं असतं. म्हणजे कॉम्प्युटर मेल उतरवून घेतो, १४ दिवस सर्व्हरवर राहू देतो आणि पंधराव्या दिवशी स्वतःच जाऊन पुसतो. तुम्ही फोनवर बघताय तो सर्व्हर, मग तिथून गेलीच. तुमच्या मेल कुठेही गेलेल्या नाहीत, काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहेत, फक्त त्या एकाच ठिकाणी आहेत.

आज लगेच ती १४ दिवसांची टिक काढा. मग सवडीने तोच आयडी आयमॅपने नव्याने जोडा, सेटिंगमध्ये पोर्ट ९९३ आणि सुरक्षेच्या जागी एसएसएल निवडा. जुन्या पॉप अकाउंटचंच आयमॅप होईल म्हणून त्याच सेटिंगमध्ये खुडबुड करू नका, नवीन जोडा आणि जुनं तसंच असू द्या. दोन्ही डाव्या बाजूला एकाखाली एक दिसायला लागले की जुन्यातल्या मेल निवडून नव्याच्या इनबॉक्समध्ये कॉपी करा, मूव्ह नको, कॉपी. एका वेळी शंभर-दोनशे, जास्त नको, नाहीतर मध्येच रेंज गेली की काय गेलं काय राहिलं ह्याचा हिशेब लागत नाही. आणि त्याआधी होस्टिंगवाल्याने (ज्याच्याकडे तुमची वेबसाइट आणि मेल राहते त्याने) जागा किती दिलीय ते विचारून घ्या, एक जीबीच असेल तर पाच वर्षांच्या बुकिंगच्या मेल फोटोंसकट त्यात मावणार नाहीत.

जाता जाता, आयमॅप नवीन आणि पॉप जुनाट असं सगळे म्हणतात पण दोघं जवळपास एका वयाचे. पॉपची पहिली आवृत्ती १९८४ ची, आयमॅप १९८६ चं, स्टॅनफर्डमधल्या मार्क क्रिस्पिनने केलेलं, आणि आज वापरतो ते पॉप३ तर १९८८ चं, म्हणजे आयमॅपपेक्षा लहानच. पॉप टिकलं ते फोनच्या बिलामुळे. आपल्याकडे व्हीएसएनएल ह्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा डायल-अपवर, म्हणजे फोन लावून नेट जोडताना, फोनचा मीटर चालू असायचा, त्यात फोन लावा, मेल ओढा, फोन ठेवा आणि मग निवांत वाचा, हे पॉपला बरोबर जमायचं.

प्रश्न : मी कर सल्लागार आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात ऑफिसचा सीपीयू पाण्याखाली गेला. अकरा वर्षांच्या क्लायंटच्या मेल आउटलूकच्या एका फाइलमध्ये होत्या, सर्व्हरवर काहीच नव्हतं. ते गेलं ते गेलं. आता नवीन सेटअप करताना काय काळजी घेऊ? आयमॅप केलं की बॅकअप झाला असं मुलगा म्हणतो. (चिपळूण)

उत्तर : काका, वाईट वाटलं वाचून. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती जणांच्या हार्ड डिस्क चिखलात गेल्या त्याची गणती नाही, नंतर दोन महिने माझ्याकडे तेच काम होतं, आणि खरं सांगायचं तर मोजक्याच डिस्क वाचल्या.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. आयमॅपमुळे पूर आला तरी मेल वाचतील, कारण खरी मेल सर्व्हरवर आणि तुमच्याकडे तिची छाया. पण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, कारण ते दोन्ही बाजू सारख्या ठेवतं. ऑफिसमधल्या पोराने चुकून 'जीएसटी' नावाचं फोल्डर उडवलं तर ते सर्व्हरवरून उडेल, तुमच्या फोनवरून उडेल, घरच्या लॅपटॉपवरून पण उडेल, आणि सगळीकडे अगदी शिस्तीत उडेल.

आणि दुसरी बाजू पण बघा. पुराच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन पट्ट्यात कितीतरी दिवस ना लाइट ना टॉवर. ज्यांच्या मेल नुसत्या सर्व्हरवर होत्या त्यांना स्वतःच्या विम्याचा पॉलिसी नंबर सापडेना, जनरेटरवर कॉम्प्युटर चालू होता पण त्यात काही नव्हतं. म्हणजे वादळात घरातली प्रत हवी होती आणि पुरात बाहेरची. आपल्याला ह्या किनाऱ्यावर दोन्ही लागतात.

तेव्हा असं करा. रोजच्या कामाला आयमॅप, आउटलूक ठेवा नाहीतर थंडरबर्ड घ्या, सवय असेल ते. थंडरबर्ड घेतलंत तर सिंक्रोनायझेशनच्या सेटिंगमध्ये मेल कॉम्प्युटरवर ठेवायची टिक आहे ती असू द्या म्हणजे नेट नसताना पण वाचता येईल. वर महिन्यातून एकदा एका बाहेरच्या डिस्कवर वेगळी प्रत काढायची आणि ती डिस्क ऑफिसात ठेवायची नाही, वरच्या मजल्यावर, नाहीतर पुण्याला भावाकडे. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर एक फसगत सांगून ठेवतो, बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचे असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. थंडरबर्ड साधारणपणे अख्खं फोल्डर एका फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे कॉपी करताना नेमका इनबॉक्सच मागे राहतो आणि बाकी सगळं गेलेलं दिसतं, मग आपल्याला वाटतं झालं काम. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघा हो, नुसती कपाटात नको.

प्रश्न : आमच्याकडे रेंज येते-जाते. मेल उतरवताना मध्येच लाइन तुटते आणि पुन्हा जोडलं की त्याच मेल परत येतात. एक मेल तर पाच वेळा आली. आणि कधी कधी पहिल्याच मेलवर अडकून बसतं, पुढे सरकतच नाही. सॉफ्टवेअर बदलू का? (हर्णे)

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून रेंज सुधारणार नाही, दादा. पण पाच वेळा येते ती तुमच्या भल्यासाठीच येते. पॉपचं संभाषण कसं चालतं बघा. तुमचा कॉम्प्युटर नाव सांगतो, पासवर्ड सांगतो, मग यादी मागतो, सर्व्हर म्हणतो सतरा आहेत. कॉम्प्युटर म्हणतो एक नंबरची दे, ती येते. मग म्हणतो एक नंबरची पूस. आता इथे सर्व्हर ती लगेच पुसत नाही, नुसती खूण करून ठेवतो. शेवटी कॉम्प्युटर 'क्विट' म्हणतो तेव्हाच खुणा केलेल्या सगळ्या मेल खरोखर जातात. क्विट म्हणायच्या आधी लाइन तुटली तर सर्व्हरने एकही मेल पुसायची नाही असा नियमच आहे. मासळीच्या लिलावात बोली तुटेपर्यंत टोपली हलवत नाहीत, तसंच. त्यामुळे मेल दोनदा येईल पण हरवणार नाही.

मग डबल का दिसतात, तर प्रत्येक मेलला सर्व्हर एक ओळख-नंबर देतो, आणि कुठले नंबर उतरवून झाले ते चांगलं सॉफ्टवेअर स्वतःकडे लिहून ठेवतं. थंडरबर्डमध्ये ही नोंद पॉपस्टेट नावाच्या फाइलमध्ये असते. ती लिहिता लिहिता लाइट गेली किंवा कोणी 'जंक साफ करतो' म्हणून ती उडवली की बिचाऱ्याला काहीच आठवत नाही आणि सगळं पहिल्यापासून. इन्व्हर्टर नसेल तर निदान लॅपटॉपवर हे काम करा.

अडकण्याचं कारण वेगळं. पॉपला मोठी मेल तुकड्यातुकड्याने मागता येत नाही, २० एमबीची मेल १९ वर तुटली की पुन्हा शून्यापासून. आणि १५ एमबीचे फोटो पाठवले तर मेलमध्ये ते वीसच्या वर जातात, कारण जोडलेली फाइल अक्षरांत बदलून पाठवतात आणि ती एक-तृतीयांशाने फुगते. अशी एक मेल पुढे बसली की मागच्या सगळ्या खोळंबल्या. थंडरबर्डच्या डिस्क स्पेस सेटिंगमध्ये अमुक केबीपेक्षा मोठी मेल उतरवू नको असं सांगता येतं, तिथे ५०० टाका, मग मोठ्या मेलचा फक्त वरचा भाग येईल आणि रेंज चांगली असेल तेव्हा, पहाटे वगैरे, बाकीची मागवता येईल. आयमॅपला तुकडे मागता येतात, म्हणून शक्य असेल तर आयमॅपच.

प्रश्न : सर, बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांचं बोटिंगचं ऑफिस आहे, त्यांचे पाच मेल आयडी आहेत (दोन जीमेलचे, तीन होस्टिंगचे). जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकलंय, त्यावर सगळ्या मेल एकत्र ओढून ठेवायच्यात, स्क्रीनशिवाय, आपोआप. फेचमेल, गेटमेल आणि एमबीसिंक ह्या मेल ओढायच्या प्रोग्रॅमबद्दल वाचून काढलं पण ठरत नाही. (मालवण)

उत्तर : वा रे! बरेच महिने असं पत्र आलं नव्हतं, त्यामुळे जरा लांबण लावतो, बाकीच्यांनी पुढच्या प्रश्नावर गेलं तरी चालेल.

फेचमेल सगळ्यात म्हातारं. कार्ल हॅरिसचा पॉपक्लायंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता, तो १९९६ मध्ये एरिक रेमंडने हातात घेतला, वाढवला, नाव बदललं. ओपन सोर्स कसं चालतं ह्यावर त्याने पुढे जे गाजलेलं लिखाण केलं ते ह्याच प्रोग्रॅमच्या अनुभवावर. फेचमेलची गंमत ही की ते मेल स्वतः कुठे ठेवत नाही. सर्व्हरवरून आणतं आणि तुझ्याच मशीनवरच्या मेल सर्व्हरला, म्हणजे पोस्टफिक्स किंवा एक्झिमला, पोर्ट २५ वर नेऊन देतं. जणू बाहेरूनच आली. म्हणजे तुझ्याकडे तो दुसरा सर्व्हर नीट चालू हवा, नाहीतर मेल कोणाच्या हातात द्यायची ते फाइलमध्ये वेगळं सांगावं लागतं.

आणि दुसरी गोष्ट, आणलेली मेल ते सर्व्हरवरून पुसतं. सांगितलं नाहीस तर पुसतंच. नको असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये त्या आयडीच्या ओळीत 'कीप' लिहावं लागतं. मी पहिल्यांदा चालवलं तेव्हा कीप लिहिलं नव्हतं. स्क्रीनवर धडाधड ओळी गेल्या, 'फ्लश्ड' 'फ्लश्ड' (म्हणजे सर्व्हरवरून पुसली), मी खूश. मग थंडरबर्ड उघडलं, रिकामं. वेबमेल उघडलं, रिकामं. दोन तास मी घरात कोणाशी बोललो नाही, आईने विचारलं पण काय झालं म्हणून. शेवटी सापडल्या, त्याच मशीनवर व्हार फोल्डरच्या आत मेल नावाचं फोल्डर असतं तिथे माझ्या नावाची एक फाइल, तिच्यात सगळ्या चारशे पस्तीस. लोकल मेल सर्व्हरने त्याला शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर जागी टाकल्या होत्या, तिथे बघायचं असतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

गेटमेल हे चार्ल्स कॅझाबॉनने पायथनमध्ये लिहिलं, फेचमेलला साधा पर्याय म्हणून. ते मेल सरळ मेलडिरमध्ये (प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवणारं फोल्डर) नेऊन टाकतं, मध्ये सर्व्हर नको. सांगितल्याशिवाय पुसत नाही, हा त्याचा स्वभाव मला आवडतो. मूळ गेटमेल जुन्या पायथन २ वर अडकलं, आता गेटमेल६ म्हणून जे मिळतं ते पायथन ३ वर चालणारं, तेच घे. मेलडिरचा पत्ता लिहिताना शेवटची तिरपी रेघ विसरू नको, ती नसेल तर ते ऐकत नाही.

एमबीसिंक (डेबियनमध्ये पॅकेजचं नाव आयसिंक आहे, शोधताना गोंधळ होतो) हे जात्याच वेगळं. फेचमेल-गेटमेल मेल ओढतात, एमबीसिंक दोन बाजू जुळवतं, आयमॅपवरची सगळी फोल्डरं आणि तुझ्या डिस्कवरची. इकडे वाचली की तिकडे वाचलेली दिसते. म्हणूनच ते जपून वापरायचं, सेटिंगमध्ये उलटसुलट केलंस तर तुझं रिकामं फोल्डर तिकडे जाऊन काकांचा सर्व्हर पण रिकामा करू शकतं. नुसती प्रत हवी असेल तर 'सिंक पुल' आणि 'एक्स्पंज नन', हे दोन शब्द लिहिले की ते एकाच दिशेने आणतं आणि पुसत काही नाही.

आता तुझं. काकांना पाठवलेल्या मेल पण हव्यात का ते विचार. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो, सेंट फोल्डर त्याला ठाऊकच नाही. कोणाला काय भाव कळवला होता हे नंतर शोधायचं असेल तर सेंट हवंच, आणि बोटिंगच्या धंद्यात ते लागणारच. मी तुझ्या जागी असतो तर एमबीसिंक घेतलं असतं, वरच्या दोन शब्दांसकट. नुसत्या आलेल्या चौकश्या एका डब्यात गोळा करायच्या असतील तर गेटमेल, अर्ध्या तासात होईल. फेचमेल तेव्हाच, जेव्हा तू पुढे ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर चालवणार असशील.

जीमेलचं थोडं वेगळं. तिथे फोल्डर नसून लेबलं असतात, त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्ये पण दिसते आणि ऑल मेलमध्ये पण, सगळं ओढलंस तर दुप्पट जागा. बॅकअपला फक्त ऑल मेल ओढ, पाठवलेल्या पण त्यातच येतात. आणि गूगलने आयमॅपने उतरवायला दिवसाला २५०० एमबीची मर्यादा घातलीय, पॉपला १२५०, त्यामुळे बारा जीबीचा डबा पहिल्या रात्रीत येणार नाही, चार-पाच दिवस धर आणि घाबरून सेटिंग बदलत बसू नको.

मेलडिरच घे, एमबॉक्स नको, कारण एमबॉक्समध्ये अख्खं फोल्डर एका फाइलमध्ये आणि लिहिताना लाइट गेली तर त्या फाइलचं शेपूट तुटतं. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची वेगळी फाइल, आधी टीएमपी फोल्डरमध्ये पूर्ण लिहिली जाते आणि मगच न्यू फोल्डरमध्ये सरकते, अर्धवट मेल समोर येतच नाही. पासवर्ड असलेल्या फाइलला परमिशन ६००, म्हणजे ती फक्त तुलाच वाचता येईल. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी पुरे, दर मिनिटाला ठोठावत राहिलास तर होस्टिंगवाला तुझा आयपी ब्लॉक करेल आणि मग काका तुला. आणि सगळ्यात आधी एक नवीन रिकामा आयडी काढ, त्यावर वीस मेल पाठव, त्यांच्यावर सगळे प्रयोग कर.

प्रश्न : पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, वेबवर चालतो, पण सॉफ्टवेअरमध्ये टाकला की चुकीचा म्हणतं. आधी चालत होतं. (सावंतवाडी)

उत्तर : नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत घेणं मोठ्या कंपन्यांनी बंद केलं. जीमेलने ३० मे २०२२ पासून ते बंद करायला घेतलं, आउटलूक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४ ला. थंडरबर्डमध्ये ऑथेंटिकेशनच्या जागी 'ओऑथ२' निवडा, मग एक खिडकी उघडते, तिथे लॉगिन केलं की झालं. जीमेलसाठी दुसरा रस्ता म्हणजे टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करून ॲप पासवर्ड काढायचा, सोळा अक्षरी असतो, तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा. वरच्या मालवणच्या मुलाला पण जीमेलसाठी हेच लागेल.

प्रश्न : हापूसच्या ऑर्डर वेबसाइटच्या आयडीवर येतात. जीमेलच त्या मेल ओढून आणायचं, ते सेटिंग गूगल बंद करतंय असं कळलं. हंगामाच्या तोंडावर ऑर्डर बुडाल्या तर? (देवगड)

उत्तर : हो, दुसऱ्या अकाउंटची मेल जीमेलमध्ये पॉपने ओढायची सोय २०२६ मध्ये काढत असल्याचं गूगलने जाहीर केलंय. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये मात्र तोच आयडी आयमॅपने जोडता येतो, तो जोडा, आणि कॉम्प्युटरवर थंडरबर्ड. होस्टिंगवरून जीमेलला ऑटो-फॉरवर्ड लावा असं कोणीतरी सांगेल, ते सोपं आहे पण फॉरवर्ड झालेली मेल जीमेलला कधी कधी संशयास्पद वाटते आणि स्पॅममध्ये जाते, आणि तिथे तुमची पन्नास पेट्यांची ऑर्डर महिनाभर पडून राहील. फॉरवर्ड लावलंतच तर मूळ डब्यात पण प्रत ठेवायची टिक करा, आणि एप्रिल-मे मध्ये स्पॅम रोज संध्याकाळी एकदा उघडून बघा.

प्रश्न : फोनवर जीमेलचं ॲप नको, जाहिराती दिसतात. साधं काही आहे का? (वेंगुर्ला)

उत्तर : के-९ मेल, नाहीतर अँड्रॉइडचं थंडरबर्ड, आता दोन्ही एकाच घरचे आहेत. फुकट, जाहिराती नाहीत. पॉप पण चालतं आणि आयमॅप पण, जोडताना ते विचारेल, तेव्हा गुहागरच्या ताईंना दिलेलं उत्तर एकदा वाचून घ्या आणि आयमॅपवर बोट ठेवा.